बाटलीतल्या मधाचं काय केलंत, ते बाटलीवर लिहा

प्रति,
मध बाटल्यांत भरून विकणाऱ्या कंपन्या, तो फळ्यांवर मांडणारी सुपरमार्केटं आणि लेबलचे नियम ठरवणारे अधिकारी यांस,

विषय : साखरलेला मध सदोष ठरवून परत करण्याबाबत आणि लेबलवर न लिहिल्या जाणाऱ्या गोष्टींबाबत.

स. न. वि. वि.

मी मधपाळ आहे. पेट्यांतून मध काढायचा, गाळायचा, बरण्यांत भरायचा आणि विकायचा, यावर माझं घर चालतं. यंदा एका मोठ्या दुकानसाखळीने आम्हा लहान पुरवठादारांना परिपत्रक पाठवलं. विक्रीची मुदत संपेपर्यंत मध पातळ आणि आरपार दिसणारा राहिला पाहिजे. तळाशी रवा धरला (म्हणजे मध साखरला), रंग गढुळला किंवा वर फेसाचा थर दिसला, तर माल सदोष धरून परत केला जाईल, असं त्यात होतं. त्याप्रमाणे माझा माल परत आलाही. परतीच्या चलनावर कारणाच्या रकान्यात शिक्का होता, 'साखरेच्या भेसळीचा संशय'. नमुना कुणी तपासला नव्हता. बरणी उजेडात धरून पाहिली, एवढीच काय ती तपासणी.

प्रश्न माझ्या नुकसानीपुरता असता तर त्या खरेदी विभागाला एक पत्र लिहून गप्प बसलो असतो. पण पातळ, चकचकीत, वर्षभर जसाच्या तसा राहणारा मध म्हणजे शुद्ध, ही समजूत एका खरेदी विभागाची नाही. तुमच्या जाहिरातींनी, तुमच्या फळ्यांवरच्या एकसारख्या सोनेरी बाटल्यांनी ती घराघरांत नेली आहे. आता तीच नियम म्हणून आमच्यावर उलटते आहे. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे, आणि मध विकत घेणाऱ्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

आधी रव्याचं बोलू. मधमाशी फुलावरून आणते त्या मकरंदात बराचसा भाग पाण्याचाच असतो, पुष्कळदा सत्तर-ऐंशी टक्के. पेटीत कामकरी माश्या तो एकमेकींच्या तोंडी देतात, पंखांनी वारा घालून आटवतात आणि त्यात आपल्या ग्रंथींतले एन्झाइम मिसळतात. त्यांतलं इन्व्हर्टेज मकरंदातल्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतं. पाणी वीस टक्क्यांच्या खाली आलं, मध पिकला, की माश्या त्या घरावर मेणाचं झाकण घालतात. इतक्या थोड्या पाण्यात इतकं ग्लुकोज विरघळलेलं राहणं मुळातच अवघड. परागाचा कण, मेणाचा तुकडा, हवेचा बुडबुडा, असं काही धरायला मिळालं की त्याभोवती ग्लुकोजचा रवा जमू लागतो. १४ अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळ्यात झपाट्याने होतं.

कुठला मध किती लवकर साखरेल हे फूल ठरवतं. मोहरीच्या मधात ग्लुकोज भरपूर, त्यामुळे तो काही आठवड्यांत घट्ट होतो. कधी कधी तर पोळ्यातच रवा धरतो, आणि मग मधयंत्रात फ्रेम (पोळ्याची चौकट) कितीही फिरवा, मध बाहेर येत नाही. उलट 'अकेशिया' नावाने विकला जाणारा रोबिनियाच्या फुलांचा मध फ्रुक्टोजच्या जोरावर दीर्घकाळ पातळ राहतो. दोन्ही अस्सल. तेव्हा मध साखरला म्हणून त्यात साखर घातली होती, हा निष्कर्ष कुठल्याच अंगाने निघत नाही. साखरला म्हणून तो अस्सल, असंही नाही बरं का. आमच्यातलेच काही जण हे छातीठोकपणे सांगतात, तेही चूक. पाण्याच्या पेल्यात थेंब सोडणं, अंगठ्यावर थेंब ठेवणं, काडी ओढून पेटतो का पाहणं, हे सगळे घरगुती प्रयोग मधातलं पाणी आणि घट्टपणा यांच्याबद्दल काही सांगत असतील तर सांगोत, भेसळीबद्दल सांगत नाहीत. भेसळ प्रयोगशाळेतच कळते. तिथेही मका आणि उसाचं सिरप कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येतं, पण तांदूळ किंवा बीटच्या सिरपला त्या एका चाचणीतून निसटता येतं आणि चुंबकीय क्षेत्रात रेणूंची ओळख पटवणाऱ्या एनएमआरसारख्या महागड्या तपासण्या लागतात. हे तुमच्या खरेदी विभागाला माहीत नसेल, असं मी मानत नाही.

वरच्या फेसाचंही तेच. गाळलेला मध टाकीत ठेवला की मेणाचे कण आणि हवेचे बुडबुडे हळूहळू वर येतात. बरणीत भरल्यावरही थोडे येतात. तो कचरा नाही.

आता दुसरी तक्रार, आणि ती जास्त गंभीर आहे. जो मध वर्षभर फळीवर पातळ राहतो त्याला तसं राहायला भाग पाडलेलं असतं, आणि कसं, ते बाटलीवर लिहिलेलं नसतं.

तुमची बाजू मला कळते. मधात यीस्ट असतात. पाणी १७ टक्क्यांच्या आत असेल तर ते काही करू शकत नाहीत. पाणी जसजसं वाढेल तसा मध आंबण्याचा धोका वाढतो. त्यातही मध साखरला की ग्लुकोज रव्यात जातं, उरलेला पातळ भाग आणखी पाणीदार होतो आणि तिथे आंबायला सुरुवात होते. शंभर ठिकाणचा मध एकत्र करून विकणाऱ्याला ही जोखीम परवडत नाही. म्हणून तुम्ही मध तापवता (यालाच पाश्चरायझेशन म्हणतात), साधारण ६३ अंशांना अर्धा तास किंवा सत्तरच्या पुढे काही मिनिटं. यीस्ट मरतात, बारीकसारीक रवे विरघळतात, मध गाळणीतून भराभर उतरतो. व्यापार म्हणून यात गैर काही नाही. तापवलेला मध म्हणजे भेसळीचा मध नव्हे, हे मी माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगतो.

पण तापवण्याने मध तोच राहत नाही, हेही खरं आहे, आणि याचे आकडे गेली साठ वर्षं उपलब्ध आहेत. मधात डायस्टेज नावाचं एन्झाइम असतं. मध २० अंशांना ठेवला तर त्यातलं डायस्टेज निम्मं व्हायला सुमारे चार वर्षं लागतात. ३० अंशांना साधारण दोनशे दिवस. ४० ला महिनाभर, ६० ला एक दिवस, ८० ला तासाहून थोडं अधिक. इन्व्हर्टेज त्याहून नाजूक. ७० अंशांना ते पाऊण तासात निम्मं उरतं. याच्या जोडीला आम्लयुक्त मधात फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल, म्हणजे एचएमएफ, तयार होत जातं. नुकत्या काढलेल्या मधात ते नावापुरतं असतं; उष्णतेने आणि साठवणुकीने वाढतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात त्याची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम आहे, उष्ण कटिबंधातल्या मधाला ८०, आणि डायस्टेज ८ 'शेड' एककांपेक्षा (हे ते मोजायचं माप) कमी नको (ज्या मधात ते मुळातच कमी असतं त्याला ३ पर्यंत सवलत आहे).

हे आकडे नीट वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. काही मिनिटांच्या पाश्चरायझेशनने डायस्टेज सगळं संपत नाही. खरा मार बसतो तो त्याआधी आणि त्यानंतर. पिंपात दगडासारखा घट्ट झालेला मध पातळ करायला ती पिंपं कित्येक दिवस गरम खोलीत ठेवली जातात. मग मिश्रण, मग पाश्चरायझेशन, मग उकाड्यातलं गोदाम, मग दिव्यांखालची फळी. प्रत्येक टप्पा नियमात बसणारा असू शकतो. बेरीज मात्र कुणी मांडत नाही.

डायस्टेज पोटात गेल्याने खाणाऱ्याचं फार भलं होतं, असा माझा दावा नाही. मधावर काय काय गुजरलं त्याचा ते साक्षीदार आहे, एवढंच. त्याच्याबरोबर जातो तो वास. न तापवलेल्या मधाच्या बरणीचं झाकण उघडताच फुलाचा वास नाकात येतो, तो उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो आणि उष्णतेत तीच आधी जातात. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइमही उष्णता आणि उजेड सोसत नाही. मधात पाणी मिसळलं की हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक तयार होतं ते त्याच्यामुळे. तुमच्या बाटलीतल्या मधाला गोडी आहे, रंग आहे. पण पाच वेगवेगळ्या हंगामांत घेतलेल्या पाच बाटल्यांची चव एकच लागते, आणि त्याचा तुम्हाला अभिमान वाटतो. मधपाळाला ते विचित्र वाटतं.

तिसरी तक्रार गाळण्याची. आम्हीही गाळतो. मेणाचे तुकडे, माशीचा पंख, पाय, हे बरणीत कुणाला नको असतं. पण परागकण बहुतेक १० ते १०० मायक्रॉनचे असतात आणि आमच्या जाळीची भोकं त्यापेक्षा मोठी. पराग सहज खाली उतरतो. कारखान्यात तापवून पातळ केलेला मध दाबाखाली डायाटोमेशियस मातीच्या (सूक्ष्म शैवालांच्या कवचांच्या बारीक पुडीच्या) थरातून नेला की परागही अडतो. मध काचेसारखा स्वच्छ दिसतो, आणि रवा धरायला आधारच न उरल्यामुळे लवकर साखरत नाही. पराग काढल्याने पोषणाचं मोठं नुकसान होतं असं नाही, मधात तो असतोच किती! नुकसान ओळखीचं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पराग पाहूनच मध कुठल्या फुलांचा, कुठल्या प्रदेशातला हे सांगता येतं. पराग गेला की बाटलीवर लिहिलेलं गाव आणि फूल पडताळण्याचा हा सगळ्यात जुना मार्ग बंद होतो. म्हणूनच कोडेक्स म्हणतं की बाहेरची घाण काढताना अटळ असेल तेवढं सोडून पराग काढू नये, आणि लक्षणीय प्रमाणात काढला तर त्या मधाला 'फिल्टर केलेला मध' असंच म्हणावं. असं लिहिलेली किती लेबलं तुमच्या फळीवर आहेत, ते एकदा मोजून पाहा.

चौथी गोष्ट गिऱ्हाइकाच्या कधी कानावरच जात नाही. मध पिकला की नाही हे पाहायची आमची साधी रीत आहे. फ्रेम आडवी धरून खाली झटका द्यायचा. थेंब उडाले तर ती फ्रेम परत पेटीत, मेणाची झाकणं बहुतेक सगळ्या घरांवर आलेली दिसली तरच सुरी लावायची. काढल्यावर रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब घालून उजेडाकडे पाहायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे आहे त्यावरून पाण्याचं प्रमाण कळतं. जास्त निघालं तर तो मध वेगळा ठेवावा लागतो. हे थांबणं महाग पडतं. कारण तोवर फुलोरा सरतो, पाऊस येतो, आणि थांबावं तेवढा मध माश्या स्वतःच खाऊन टाकतात. याउलट पाणीदार, अपक्व मध आठवड्या-आठवड्याने उपसायचा आणि पाणी यंत्राने, निर्वात भांड्यात काढायचं, हा मार्ग जलद आणि स्वस्त आहे. माशीने जे पिकवायचं ते यंत्राने आटवायचं. अपिमॉन्डिया या मधपाळांच्या जागतिक संघटनेने २०२० च्या आपल्या निवेदनात याला सरळ मधाची फसवणूक म्हटलं आहे. रेझिनमधून गाळून मधाचा रंग आणि त्यातले औषधांचे अवशेष काढण्यालाही. तुम्ही विकता त्या मधातलं पाणी कुणी काढलं, माशीने की यंत्राने, याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. आम्हाला ते द्यायलाच लागतं.

या सगळ्यात मिश्रणाचा प्रश्न मिसळला की गिऱ्हाईक पूर्ण अंधारात जातं. 'एकाहून अधिक देशांतल्या मधांचं मिश्रण' या ओळीचा अर्थ काहीही होऊ शकतो. युरोपियन आयोगाच्या तपासणीत बाहेरून आलेल्या मधाचे ३२० नमुने घेतले होते. २०२३ मध्ये अहवाल आला तेव्हा त्यांतले ४६ टक्के संशयास्पद निघाले. त्यानंतर २०२४ मध्ये युरोपियन संघाने नियम बदलला : जून २०२६ पासून मिश्रणातला प्रत्येक देश आणि त्याचा टक्का लेबलवर हवा. म्हणजे हे करता येतं. अवघड आहे, खर्चिक आहे, ही सबब आता पुरणार नाही.

इथे थोडं आमच्याच मंडळींबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. 'रॉ', म्हणजे कच्चा, या शब्दाला कोडेक्समध्ये व्याख्याच नाही. त्याचा फायदा मोठ्या कंपन्या घेतात तसा लहानही घेतात. कुणी ४५ अंशांना तापवलेला मध रॉ म्हणून विकतो, कुणी वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये भाजून निघालेला. न तापवलेला मध उकाड्यात ठेवला तर त्याचाही एचएमएफ चढतो आणि डायस्टेज उतरतं, मग त्याचं वेगळेपण काय उरलं? काही जण तर रॉ मधाने मधुमेह जातो, वजन उतरतं असं बिनदिक्कत छापतात. मध तापवलेला असो वा नसो, शंभर ग्रॅममध्ये ८० ग्रॅमच्या वर साखरच असते आणि जागतिक आरोग्य संघटना ती मर्यादेत खायच्या साखरेतच धरते. आणि एक वर्षाखालच्या बाळाला दोन्ही द्यायचे नाहीत. बॉट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू मधात असू शकतात आणि पाश्चरायझेशनच्या उष्णतेने ते मरत नाहीत, त्यामुळे 'प्रक्रिया केलेला आहे, बाळाला चालेल' असं समजणारे आईबाप बाळाला धोक्यात घालतात. ही सूचना माझ्या बरणीवर आहे. तुमच्या सगळ्या बाटल्यांवर ती सहज वाचता येईल अशा अक्षरांत आहे का?

मला न तापवलेला मध श्रेष्ठ आणि तुमचा कनिष्ठ असा निवाडा नको आहे. ज्याला वर्षभर पातळ राहणारा मध हवा त्याने तो खुशाल घ्यावा. दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने, एकाच फळीवर आहेत आणि फरक सांगणारी एक ओळही नाही, ही माझी तक्रार आहे. त्यावर कडी म्हणजे जी वस्तू कमी बदललेली आहे तिच्यावर भेसळीचा शिक्का बसतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

मध साखरणं, गढूळ दिसणं किंवा वर फेस येणं हे माल परत करण्याचं कारण म्हणून वापरणं दुकानांनी बंद करावं. भेसळीचा संशय असेल तर सीलबंद नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवाल पुरवठादाराला द्यावा. अहवाल नसेल तर 'भेसळ' हा शब्द कुठल्याही कागदावर लिहू नये, आणि जिथे लिहिला आहे तिथून लेखी मागे घ्यावा.

लेबलवर चार गोष्टी छापाव्यात : मध किती अंशांपर्यंत आणि किती वेळ तापवला, साध्या जाळीने गाळला की पराग जाईल असा फिल्टर केला, पाणी यंत्राने काढलं का, आणि मिश्रण असेल तर कुठला किती टक्के. बाटलीवर तेवढी जागा आहे. 'शुद्ध' आणि 'नैसर्गिक' हे शब्द आज जेवढ्या मोठ्या अक्षरांत आहेत, त्याच्या निम्म्या अक्षरांत हे मावेल.

भरल्याच्या तारखेबरोबर मध काढल्याचा महिनाही द्यावा. पिंपात दोन वर्षं पडून राहिलेला मध काल बाटलीत भरला म्हणून ताजा होत नाही.

नियम करणाऱ्यांनी 'रॉ' या शब्दाची व्याख्या करावी. तापमानाची मर्यादा किती असावी यावर मधपाळांत मतभेद आहेत. कुणी पेटीतलं ३५ अंश म्हणतं, कुणी ४०. चर्चा करू, भांडूही, पण शेवटी एक आकडा हवा आणि तो मोडणाऱ्याला दंड हवा, मग तो कारखानदार असो की माझ्यासारखा.

एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, ही ओळ प्रत्येक बाटलीवर सक्तीची करावी. आणि साखरलेला मध पातळ कसा करायचा तेही एका ओळीत लिहावं : बरणी कोमट पाण्यात ठेवा, पाणी चाळीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका, घाई करू नका. एवढं वाचलं तर निम्मी गिऱ्हाइकं बरणी परत आणणारच नाहीत.

पुढच्या काढणीपासून मी माझ्या बरण्यांवर काढणीचा महिना, रिफ्रॅक्टोमीटरवरचा पाण्याचा आकडा, जाळीचा प्रकार आणि मधाने पाहिलेलं जास्तीत जास्त तापमान छापणार आहे. त्या लेबलची एक प्रत या पत्रासोबत खरेदी विभागाला आणि नियम करणाऱ्या कार्यालयाला पाठवतो आहे. तुमच्या बाटलीसाठी असाच मसुदा करून पाठवा, किंवा यातला कुठला रकाना भरता येणार नाही आणि का, ते लेखी कळवा.

कळावे,

आपला नम्र,
एक मधपाळ